बाळंतिणीची कंबरदुखी

बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने टिकणारी कंबरदुखी हा बाईच्या नशिबाचा भोग नसून, जिची कारणे शोधता येतात आणि जिच्यावर उपचार करता येतात अशी ती व्याधी आहे. गरोदरपणात संप्रेरके, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारी रसायने, ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल करतात, वाढत्या गर्भाने पोटाचे स्नायू ताणले जातात, आणि ते पूर्ववत होण्याआधीच पाण्याचे हंडे व शेतातले ओणवे काम सुरू झाले की सारा भार कण्यावर येतो. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनला सर्रास दोष दिला जात असला, तरी संशोधनाने त्याला पुष्टी दिलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पाने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि आरोग्याचे ज्ञान घरोघरी पोहोचू शकते हे सिद्ध केले. त्याच वाटेने, पोट व कंबर बळकट करणारे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकण्याची, आणि पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे किंवा ताप येणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब डॉक्टरांकडे जाण्याची सोय प्रत्येक बाळंतिणीला मिळावी, आणि तिचे दुखणे ऐकून घेऊन तिच्या कामाचा भार वाटून घेणे हे घरातल्या प्रत्येकाने आपले कर्तव्य मानावे.