शांतवलेल्या अग्नीची अमानत

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर, मेन या राज्यांत हिवाळा ओसरला, म्हणजे ज्या घरांतून लाकडी भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारा पेलेट स्टोव्ह थंडीभर धगधगत असतो, त्या घरांतून तो शरद ऋतूपर्यंत बंद करण्याची वेळ येते. आणि या साध्या गृहकृत्यातून एक पुरातन प्रश्न उभा राहतो, की शांत झालेला अग्नी जातो कोठे, आणि त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य उरते काय?

मज्झिमनिकायात हा प्रश्न बुद्धांनी वच्छगोत्त परिव्राजकाला विचारला, आणि तृणकाष्ठ सरल्याने निवालेला अग्नी पूर्वेस गेला की पश्चिमेस, ही पृच्छाच गैरलागू होय, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले. श्रौत परंपरेची तजवीज निराळी होती. प्रवासास निघणारा अग्निहोत्री आपल्या अरणी, म्हणजे मंथनाची काष्ठे, अग्नीवर तापवून त्यांत त्याचे समारोपण करी व मुक्कामी मंथनाने तो पुन्हा प्रकट करी. ज्वाला दिसेनाशी झाली तरी अग्नी त्या काष्ठांत अमानत म्हणून राहिला आहे, ही त्यामागील श्रद्धा.

स्टोव्ह बंद करण्याचा रीतसर जाबता पाहावा. टाकीत नवे जळण न घालता आहे ते संपू द्यावे, ज्वाला आपोआप निमू द्यावी, आणि पंखा उरलासुरला धूर बाहेर लोटून स्वतः थांबेपर्यंत विजेची जोडणी तोडू नये. मग राख. ती दमट हवेतील पाणी शोषून घेते आणि ओली राख पोलाद खाते, म्हणून ज्वलनपात्रापासून धुराड्यापर्यंत सारे झाडून काढावे लागते. काढलेली राखही झाकणाच्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवावी लागते, कारण तिच्या पोटात निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. उरलेल्या कांड्यांनाही जपावे लागते: बहुधा त्यांत सरस नसतो, उष्णतेने व दाबाने मऊ झालेले लाकडातलेच लिग्निन त्यांना बांधून ठेवते, आणि ओल लागताच त्या फुगून पुन्हा भुसा होतात व जळण पुढे सरकवणाऱ्या मळसूत्राची वाट अडवतात.

ही निव्वळ व्यवहारदक्षता आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्याची ऊब घेऊन झाली व ज्याची गरज आज उरली नाही, त्याची बरदास्त ऐन उकाड्यात करणे, ही कृतज्ञता आहे. आणि अरणी कोरड्या राखणारा अग्निहोत्रीही दक्षता व उपासना यांत भेद करीत नसावा. बुद्धांचे उत्तर तर्काला निरुत्तर करणारे आहे, आणि ज्याला दाहातूनच मुक्त व्हावयाचे आहे त्याने ते शिरोधार्य मानावे. परंतु ज्याच्या घरी म्हातारी माणसे व लेकरे पुढल्या थंडीत त्याच चुलाण्यापाशी बसणार आहेत, त्या गृहस्थाला समारोपणाचीच वाट धरावी लागते. म्हणूनच ओल व पाखरे आत शिरू नयेत यासाठी धुराड्याचे तोंड झाकणारा जाणता माणूस, ते उघडल्यावाचून स्टोव्ह पेटवू नये अशी चिठ्ठी दारावर लावतो. कारण तो पेटवणारा हात कदाचित दुसऱ्या कोणाचा असेल, आणि ही अमानत त्याच्याही नावे आहे.