दामदुप्पटीची घाई

फसवणारा आणि फसणारा हे एरवी दोन टोकांचे मानले जातात. गुन्हेशास्त्राला मात्र दोघांत एक दुवा दिसतो. मायकेल गॉटफ्रेडसन आणि ट्रॅव्हिस हिर्शी या अमेरिकी अभ्यासकांनी 1990 मध्ये मांडले, की बळजबरी असो वा लबाडी, गुन्ह्याच्या मुळाशी दुबळा आत्मसंयम असतो : हाताशी आलेला लाभ सोडवत नाही, पुढचे परिणाम डोळ्यांपुढे येत नाहीत. क्रिस्टी होल्टफ्रेटर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये फ्लोरिडातील ग्राहकांचा अभ्यास करून दुसरी बाजू दाखवली. जाळे कोणावर टाकले जाते, हे खरेदीच्या सवयींशी निगडित होते. त्यात अडकण्याचा संभव मात्र संयम कमी असणाऱ्यांचा अधिक होता.

वऱ्हाडाला याचा अनुभव आहे. 2013 मध्ये नागपूरच्या श्रीसूर्या समूहाच्या ठेव योजनांबाबत गुन्हे नोंदले गेले, तेव्हा अमरावती-अकोल्याचे ठेवीदारही हवालदिल झाले. अशा योजनांचे आमिष एकच, दामदुप्पट. रक्कम दोन वर्षांत दुप्पट व्हायची तर वर्षाला सुमारे 41 टक्के चक्रवाढ परतावा हवा. 9 टक्क्यांच्या मुदत ठेवीला त्यासाठी आठ वर्षे लागतात. हिशेब शाळकरी आहे. तो करू देत नाही ती घाई, आणि शेजाऱ्याला पहिला हप्ता मिळाला की ती आणखी वाढते. हा हप्ता बहुधा नव्या ठेवीदाराच्याच पैशांतून आलेला असतो.

घाईला सरसकट हाव म्हणणे मात्र अन्यायाचे. पोलीस असल्याची बतावणी करून अटकेची धमकी देणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनवर माणूस पैसे पाठवतो तो भीतीपोटी. शिवाय कापसाचा चुकारा किंवा संत्राबागेच्या सौद्याचे पैसे वर्षातून एखाद-दोनदाच हाती येतात, आणि त्याच वेळी उधारी, लग्न, पुढची पेरणी दारात उभी असते. अशा घरात संयम हा स्वभावापेक्षा ऐपतीचा प्रश्न ठरतो. सणावारासाठी कर्ज काढू नका, असे कीर्तनातून बजावणारे शेंडगावचे गाडगेबाबा हा पेच ओळखून होते.

सिद्धांत आणखी एके ठिकाणी तोकडा पडतो. महिनाअखेर परत ठेवू म्हणत गल्ल्यात हात घालणारा कारकून त्यात नीट बसतो. वर्षानुवर्षे कार्यालये थाटून, ओळखीपाळखीचे एजंट नेमून ठेवी गोळा करणारा बसत नाही. त्याच्याकडे धीर भरपूर असतो, तो जगतो दुसऱ्याच्या उतावीळपणावर. महाराष्ट्राच्या 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचा रोखही त्याच्यावरच आहे. ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून तिच्यातून विशेष न्यायालयामार्फत ठेवी परत करण्याची त्यात तरतूद आहे. ठेवीदाराने घाई केली होती का, हे तो कायदा विचारत नाही.