मागणारा हात

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत जज्ज मतपेटीतून निघतो. २००९ साली फ्लोरिडातल्या हिल्सबरो काउंटीत लॅनेल विल्यम्स-युली ह्या वकीलबाई जज्जाच्या जागेला उभ्या राहिल्या. स्वतःच्या सहीनं पत्र धाडलं : २५ डॉलर द्या, ५० द्या, ५०० द्या. बाई पहिल्याच फेरीत पडल्या. वर वकिलांच्या संघटनेनं कारवाई केली, कारण जज्जाच्या उमेदवारानं स्वतः पैसे मागायचे नाहीत असा तिथला नियम. २०१५ साली सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी तो उचलून धरला.

पटतं. उद्या ज्याच्यापुढं मी आरोपी म्हणून उभा राहणार, त्यानं आज हात पसरला तर नाही कसं म्हणू?

पण त्याच नियमात उमेदवाराच्या कमिटीला वर्गणी मागायची मुभा. देणाऱ्याला आभाराचं पत्र उमेदवारानं खुशाल लिहावं. म्हणजे झोळी दुसऱ्याच्या खांद्यावर, पीठ आपल्या घरात! मग बाटलं काय, मागणं की मागताना दिसणं? आणि ज्याच्या खिशात बापाचा पैसा, त्याला मागायची पाळीच येत नाही. तो सोवळाच राहतो.

मग नेमणूक बरी? थांबा. नेमणाऱ्यालाही हात असतोच, फक्त दिसत नाही. सरन्यायाधीशही अखेर माणूस, त्यालाही पूर्वग्रह असतात, हे बाबासाहेबांनी २४ मे १९४९ ला घटना समितीत सांगितलंच होतं.

त्या बाईंच्या जागी मी असतो तर पत्रावर सही केली असती का? बहुतेक केली असती.