श्रम, स्मरण आणि मनुष्यऋण

मृत व्यक्तीसाठी जिवंत माणसाने आपल्या देहाला दिलेले कष्ट त्या मृतापर्यंत पोहोचतात का, आणि पोहोचत नसतील तर त्यांना कोणता अर्थ उरतो, हा प्रश्न श्राद्धाच्या कल्पनेइतका जुना असला, तरी प्रत्येक काळ तो आपापल्या विधींच्या निमित्ताने नव्याने विचारीत आला आहे. अमेरिकेत 2002 पासून ‘नॅशनल ईएमएस मेमोरियल बाइक राइड’ या नावाने निघणारी दीर्घ पल्ल्याची सायकलयात्रा हे या प्रश्नाचे एक आधुनिक रूप होय. ईएमएस म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय सेवा. रुग्णवाहिकेतून घटनास्थळी धावणारे तंत्रज्ञ, प्रगत उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले पॅरामेडिक आणि हवाई रुग्णवाहिकेतील परिचारिका यांचा तीत समावेश होतो. कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या सहकाऱ्यांसाठी मुख्यतः याच व्यवसायातील माणसे अनेक दिवस, शेकडो मैल सायकल चालवतात आणि मृतांची नावे आपल्याबरोबर वाहून नेतात. या यात्रेला कोणत्याही एका धर्माचे अधिष्ठान नसले, तरी नियत मार्ग, स्वेच्छेने पत्करलेले देहकष्ट, नामोच्चार आणि सामुदायिक प्रयाण ही तीर्थयात्रेची अंगे तिच्यात आढळतात, आणि म्हणूनच तिचा विचार धर्मचिंतनाच्या कक्षेत करणे योग्य ठरते.

अशा विधीची गरज का भासली, हे या व्यवसायाच्या इतिहासावरून उमगते. व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक येथे ज्युलियन स्टॅन्ली वाइज यांनी 1928 मध्ये स्वयंसेवी बचाव पथक उभारले. 1966 मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालाने अपघाती मृत्यूंना आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग ठरवले. आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये ‘फ्रीडम हाउस’ ही सेवा उभी राहिली, जिच्यात कृष्णवर्णीय वस्तीतील तरुणांना प्रगत उपचारांचे शिक्षण देण्यात आले. सैनिक, पोलीस किंवा अग्निशमन दलाचे जवान यांच्याकडे शोकाचे जे रूढ संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, ते या तरुण व्यवसायापाशी नव्हते. कर्तव्यावर मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना आर्थिक साहाय्य देणारा संघीय कायदा 1976 मध्ये पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी झाला, तर सार्वजनिक रुग्णवाहिका व बचाव पथकांतील कर्मचाऱ्यांचा त्यात समावेश होण्यास 1986 साल उजाडले. ज्या व्यवसायाचे मृत राज्यसंस्थेने उशिरा मोजले, त्याने स्मरणाचा आपला विधी स्वतः घडवला, आणि प्रारंभीच्या यात्रेचे गंतव्य रोअनोक येथील स्मारक हेच होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मृतासाठी केलेल्या कर्माचे सर्वांत परिचित समर्थन पुण्यसंक्रमणाचे, म्हणजे एकाने केलेल्या सत्कर्माचे फळ दुसऱ्याला मिळते या कल्पनेचे आहे. श्राद्धविधी आणि बौद्धांमधील पुण्यानुमोदनाची प्रथा ही तिची ठळक उदाहरणे होत. या कल्पनेवरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकांचा जो युक्तिवाद नोंदवला आहे, त्याचा आशय असा की येथे दिलेले अन्न परलोकातील व्यक्तीला तृप्त करीत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाने शिदोरी घेण्याचे कारण नाही, कारण घरच्यांनी घरी वाढलेले पान त्याला वाटेत पोहोचायला हवे. चार्वाकांचे कट्टर विरोधक असलेल्या मीमांसकांनाही ही अडचण टाळता येत नाही, कारण कर्माचे फळ ते करणाऱ्यालाच मिळते हा त्यांचा सर्वसाधारण सिद्धांत आहे आणि पितरांची तृप्ती त्यात बसवण्यासाठी त्यांना वेगळी मांडणी करावी लागते. सायकलयात्रेला तर अशा मांडणीचाही आधार नाही, कारण घाटातल्या चढणीवर झालेला श्वासाचा कोंडमारा मृताच्या खात्यावर जमा होतो असा दावा तिच्यातील श्रद्धावंतही बहुधा करणार नाही.

तथापि, देणे पोहोचत नाही एवढ्यावरून ते निरर्थक ठरत नाही, असा विचार डॅनिश तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्द यांनी 1847 च्या ‘वर्क्स ऑफ लव्ह’ या ग्रंथात मांडला. जिवंत माणसावरील प्रेमात परतफेडीची अपेक्षा, भीड, सवय आणि भीती यांची सरमिसळ असू शकते. मृत व्यक्ती मात्र काही परत देत नाही, आठवण करून देत नाही आणि विसरल्याबद्दल रागावतही नाही, म्हणून तिच्या स्मरणातले प्रेम सर्वांत निःस्वार्थ, मुक्त आणि निष्ठावान असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश सांगता येईल. या दृष्टीने पाहता पोहोचण्याची अशक्यता हाच स्मरणाचा नैतिक कस ठरतो. परंतु किर्केगार्दांचे विवेचन अंतःकरणातील प्रेमापुरते पाहते आणि प्रेमाचे हे काम एकटी व्यक्ती करते असे धरून चालते; देह का शिणवायचा, आणि तो समुदायाने मिळून का शिणवायचा, या प्रश्नांचे उत्तर त्यातून मिळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपाच्या कल्पनेत शोधता येते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे गुणानुसार तीन प्रकार सांगितले आहेत: फलाची इच्छा न धरता श्रद्धेने केलेले तप सात्त्विक, सत्कार व मान मिळवण्यासाठी दंभाने केलेले राजस, आणि मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तामस. कष्टांचे मोल त्यांच्या मात्रेवर अवलंबून नसते, ही या वर्गीकरणाची खरी शिकवण आहे, आणि स्मरणयात्रेला ती नेमकी लागू पडते. कारण ओलांडलेल्या मैलांचा अभिमान वरचढ झाला की मृत व्यक्ती निमित्तमात्र उरते. दुसऱ्या प्रश्नावर पॉल कॉनर्टन यांचा ‘हाउ सोसायटीज रिमेंबर’ हा 1989 चा ग्रंथ प्रकाश टाकतो. समाजाची स्मृती केवळ लेखांत आणि शिलालेखांत राहत नसून ती स्मरणसोहळ्यांतून आणि देहाच्या सवयींतून पुढे जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या व्यवसायात हाताने छाती दाबून थांबलेले हृदय चालू ठेवण्याचा प्रयत्न केला जातो आणि ज्ञान बव्हंशी स्नायूंत साठते, त्याच्या शोकानेही देहाचाच मार्ग धरावा हे सुसंगत म्हणता येईल.

येथवर यात्रेचे समर्थन झाले. तिच्याभोवतीच्या भाषेबद्दल मात्र सावध राहणे आवश्यक आहे. अशा मृत्यूंना सरसकट बलिदान म्हणण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. 11 सप्टेंबर 2001 रोजी जळत्या मनोऱ्यांकडे निघालेल्या आरोग्यसेवकांनी जाणीवपूर्वक धोका पत्करला, म्हणून त्यांच्या बाबतीत हा विचार काही अंशी टिकतो. परंतु या व्यवसायातील मृत्यूंची नित्याची कारणे पाहिली, तर त्यांत रुग्णवाहिकांचे रस्त्यावरील अपघात, हवाई रुग्णवाहिका कोसळणे, रस्त्याच्या कडेला मदत करीत असताना वाहनाची धडक बसणे, हृदयविकार, संसर्ग आणि रुग्णांकडून किंवा इतरांकडून होणारी हिंसा यांचा समावेश होतो. यज्ञात बळी अर्पण करणारा यजमान असतो, अर्पणाचा संकल्प असतो आणि ज्याला अर्पण करायचे ती देवता असते. सलग पाळ्यांमुळे थकलेल्या चालकाचा रात्री झालेला मृत्यू कोणीही संकल्पपूर्वक अर्पिलेला नसतो, आणि तो बहुधा टाळता येण्याजोगा असतो. त्याला यज्ञाची प्रतिष्ठा दिली की कामाचे तास, वाहनांची सुरक्षितता, मनुष्यबळ आणि वेतन यांविषयीचे प्रश्न अप्रस्तुत वाटू लागतात आणि शोकाचा आदर करता करता कारणांना अभय मिळते.

म्हणून या यात्रेसाठी बलिदानापेक्षा ऋणाची कल्पना अधिक उचित ठरते. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फेडायचे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथे मनुष्यऋण जोडते आणि माणसांना आश्रय व अन्न देऊन ते फेडावे असे सांगते. मृत सहकारी हा वंशातील पितर नसतो, त्यामुळे त्याचे ऋण पितृऋणात बसत नाही. अनोळखी माणसासाठी धावत गेलेल्या माणसाचे ऋण मनुष्यऋणातच मोडते. पितृऋण फेडायचे ते गेलेल्यांच्या दिशेने वळून, तर मनुष्यऋण फेडण्यासाठी समोर असलेल्या जिवंत माणसाकडेच जावे लागते, हा या दोहोंतील निर्णायक भेद आहे. यात्रेच्या उद्दिष्टांतही मृतांबरोबर आजारी वा जखमी झालेल्यांचा आणि दररोज सेवा करीत असलेल्यांचा उल्लेख केला जातो, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे, कारण तिच्यामुळे स्मरणाची दिशा मृतांवरून जिवंतांकडे वळते.

राष्ट्रीय स्मारक उभारण्यास अनुमती देणारा कायदा अमेरिकेने 2018 मध्ये केला, आणि दगडावरची नावे आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु दगड उभा राहिला की समाजाला ऋण फिटल्याचा भास होण्याचा धोका असतो, तर दरवर्षी नव्याने सुरू करावी लागणारी यात्रा ते फिटलेले नाही याची कबुली देते. श्रम मृतापर्यंत पोहोचत नाहीत, हा चार्वाकांचा आक्षेप मान्य करूनही स्मरणयात्रेचे मोल कायम राहते, मात्र त्यासाठी तिने दिवंगताच्या कुटुंबाला सोबत करणे, खचलेल्या सहकाऱ्याला आधार देणे आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंची कारणे दूर करण्याचा आग्रह धरणे या तीन जबाबदाऱ्या स्वीकारल्या पाहिजेत. त्या स्वीकारल्या नाहीत तर कितीही लांबची यात्रा गीतेच्या कसोटीवर राजस तपाच्या पलीकडे जात नाही.