वेग वाटेने ठरवावा

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या हजमधील एक तपशील आपण वाचतो आणि सहज पुढे जातो. अरफातहून मुजदलिफापर्यंत हजरत उसामा बिन जैद (रजि.) प्रेषितांच्या मागे त्याच सांडणीवर बसलेले होते. पुढे लोकांनी त्यांना विचारले, प्रेषित (स.) त्या वेळी कोणत्या चालीने निघाले होते? त्यांनी सांगितले की ते मध्यम चालीने जात आणि मोकळी जागा मिळाली की वेग वाढवीत. त्याच वाटेवर मागून उंटांना मारून हाकण्याचा गलबला ऐकू आला, तेव्हा प्रेषितांनी लोकांना शांतपणे चालण्यास बजावले. घाईत पुण्य नाही, हेही सांगितले.

येथे वेगाला मनाई नाही. तो किती असावा हे वाट ठरविते, स्वाराची अधीरता नव्हे.

आता बकरी ईदसाठी मुंबईहून कोकणात निघालेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. पहिला पाऊस पडलेला असतो. रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. परशुराम घाटात धुके उतरते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक. फलकावरील आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो गाठणे बंधनकारक नाही. जितके दिसते तितक्या अंतरात गाडी थांबविता आली पाहिजे. धुक्यात वीस पावलांपुढचे दिसत नसेल, तर ताशी 40 हा वेगही बेजबाबदारपणाच आहे.

गाडीत बसताना आपण प्रवासाची दुआ म्हणतो. हे वाहन आमच्या अधीन करणारा अल्लाह आहे, आमच्यात ती शक्ती नव्हती, अशी कबुली तिच्यात आहे. ती ओठांवर असतानाच वळणावर ओव्हरटेक करणारे (आणि आपल्यापैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी केलेले आहे) नेमके काय कबूल करतात?

अपघातानंतर "तकदीर होती" असे म्हणून आपण मोकळे होतो. मात्र सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठीही दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल त्याच्यासाठी सलग दोन महिन्यांचे रोजे. नकळत घडले म्हणून हिशेब मिटत नाही. 1993 साली ब्रुनेई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही वाहतुकीचे नियम पाळणे शरीअतच्या दृष्टीने आवश्यक ठरविले.

घरी वाट पाहणाऱ्यांनाही एक विनंती. दर पंधरा मिनिटांनी "कुठवर आलात?" असा फोन करू नका. जेवण झाकून ठेवा.