ओझं कुणी मोजायचं?

परवा दुसरी पाळी संपवून शेवटच्या गाडीनं घाट चढलो. घरी पोचलो तर बारा वाजून गेलेले, आणि घरात कुणीच झोपलेलं नाही.

धाकट्या बहिणीला पत्र आलं होतं. ती बी.पी.एड. झालीय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तिला मानवी हालचालींच्या शास्त्रात एम.एस.साठी घेतलंय. फी माफ, वर असिस्टंटशिप. म्हंजे आठवड्याला वीस तास तिनं तिथल्या पोरांचे वर्ग घ्यायचे, प्रयोगशाळेत यंत्रं लावायची, आणि त्याचे महिन्याला पैसे मिळायचे.

आईनं विचारलं, "हालचालींचं शास्त्र म्हंजे काय गं?"

"माणूस चालतो कसा, वाकतो कसा, ओझं उचललं की मणक्यावर दाब किती येतो, दमतो कधी. हे मोजायचं."

आई हसली. पंचवीस वर्षं तिनं लोणावळ्याच्या बंगल्यांना वाळू-विटा वाहिल्यात. म्हणाली, "मग तिकडं कशाला जाती? मलाच विचार की."

दोस्तांनो, या हसण्यावर मी चार दिवस विचार करतोय. गिरणीत कागदाचे रीळ ढकलताना करतोय. तो तुमच्यापुढं ठेवतो.

शेजारचे तात्या म्हणाले, हे पोट भरलेल्यांचं शास्त्र. मुंबईचे लोक इथं हवा खायला येतात, श्वास घ्यायला शिकतात, आपल्याला त्याचं काय? त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आमच्या गावात हे मोजमाप नवं नाही. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथं कैवल्यधाम काढलं. त्याआधी बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी योगक्रिया करणाऱ्या माणसाच्या पोटाचे एक्स-रे काढले, आतला दाब यंत्रानं मोजला. पुढं असे प्रयोग 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. गुरूनं कानात सांगायची गोष्ट त्यांनी यंत्रापुढं ठेवली. हे मला पटतं. ऐकलं म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे तर आपल्या बुद्धाचंच सांगणं.

पण याच डोंगरात दुसरीही शरीरं होती. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. ती खोदताना पटकीनं, तापानं, अपघातानं हजारो मजूर मेले. त्यांच्या छातीला कुणी यंत्र लावलं नाही. एकाच डोंगरात एका शरीराचं शास्त्र झालं आणि दुसऱ्याचा भराव झाला. तात्यांचा राग तिथला आहे.

युनियनमधला एक दोस्त तर म्हणाला, मजुराचं शरीर मोजलं नाही हे बरंच झालं. मोजलं तेव्हा काय झालं ते बघ. १८९९ साली अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात टेलर नावाच्या इंजिनियरानं हातात घड्याळ घेऊन लोखंड वाहणाऱ्यांची कामं मोजली. माणूस दिवसाला साडेबारा टन वाहायचा, त्याच्याकडून साडेसत्तेचाळीस टन वाहून घेतलं. मजुरी किती वाढली? एक डॉलर पंधरा सेंटची एक डॉलर पंच्याऐंशी. काम जवळजवळ चौपट, पैसे दुप्पटसुद्धा नाहीत. आणि १९११ च्या आपल्या पुस्तकात हाच टेलर त्या कामाच्या माणसाची बुद्धी बैलाच्या जवळची म्हणून लिहितो. "तुझी बहीण हे घड्याळ धरायला चाललीय," दोस्त म्हणाला.

मी गप्प बसलो. घड्याळवाला माणूस मी आमच्या खात्यातही पाहिलाय.

बहिणीनं तेव्हा एक गोष्ट सांगितली. १९८६ साली केनियातल्या बायांवर एक संशोधन छापून आलं. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाया. त्यांच्या तोंडाला मुखवटा लावून प्राणवायू किती लागतो ते मोजलं. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं त्या जादा ताकद न खर्चता वाहत होत्या. शास्त्रज्ञ चकित झाले. पुढं कळलं की त्यांची चाल घड्याळाच्या लंबकासारखी असते, एका पावलातली गती दुसऱ्या पावलाला जास्त कामी येते.

आई सगळं ऐकत होती. म्हणाली, "बरं झालं. मग त्या बायांची मजुरी किती वाढली?"

बहिणीला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

दोस्तांनो, प्रश्न इथंच आहे. त्या संशोधनाचे दोन अर्थ निघतात. एक असा, की अडाणी म्हणून हिणवलेल्या बाईच्या मानेत, कमरेत, पावलात ज्ञान आहे. ते कुठल्या शाळेनं दिलेलं नाही. हा अर्थ आपल्याला ताठ करतो. दुसरा असा, की हिला ओझं लागतच नाही, तर ठेवा अजून दोन विटा. संशोधन एकच, आकडे तेच. कोणता अर्थ लागू होणार हे आकडा ठरवत नाही. पुढचा प्रश्न कोण विचारतो त्यावर ते ठरतं.

कमी दमून जास्त ओझं कसं न्यावं, हा एक प्रश्न. हे ओझं याच माणसाच्या डोक्यावर का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर स्नायूत सापडतं, दुसऱ्याचं स्नायूत कितीही शोधलं तरी सापडणार नाही. मणक्याला जात नसते. पण कोणत्या मणक्यावर कोणतं ओझं यायचं ते इथं जातीनं ठरवलं. बाबासाहेबांनी १९३६ साली हेच दाखवून दिलं, की जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणारी माणसंच फोडून एकावर एक रचते. म्हणून काही ठिकाणी मोजायचं नसतंच. गटारात उतरायची बरोबर पद्धत कोणती, याचं कुणी शास्त्र करायला बसला तर तो गुन्ह्यात सामील आहे. तिथं एकच हालचाल बरोबर, माणसानं बाहेर येणं.

मग मोजमाप सोडून द्यायचं का? नाही. माझा उजवा खांदा गेलं वर्षभर रात्री ठणकतो. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, नाटक करतो. माझ्याकडं दुखणं आहे, आकडा नाही. ज्याच्याकडं आकडा नाही त्याचं दुखणं नाटक ठरतं. ४८ तासांचा आठवडा आज आपण गृहीत धरतो. आधी कायद्यात ५४ तास होते. १९४६ साली ते ४८ झाले, तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं शिफारस केली, की गड्यानं एका वेळी हातानं ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये. यंत्राला मजुराची कणव नसते. आपल्या बाजूचा माणूस त्या खुर्चीवर बसून विचारतो तेव्हा आकडा आपल्या कामी येतो.

म्हणून मी बहिणीला म्हणालो, जा. पण लगेच दुसरं वाक्य तोंडात आलं. शपथ घे, म्हणालो. परत येशील, वस्तीसाठी काम करशील, लग्न-नोकरीत अडकणार नाहीस, समाजाचं ऋण फेडशील.

ती माझ्याकडं बघत राहिली. "दादा," ती म्हणाली, "तूपण ठेवतोसच का डोक्यावर?"

खरं सांगतो, शरम वाटली. मुकादमाला जे बोलतो तेच मी करत होतो. तिची मान किती पेलते हे न विचारता अख्ख्या समाजाचं ओझं तिच्यावर चढवत होतो. आत थोडी असूयाही होती. मला कुणी पत्र पाठवलं नाही.

तर ऋण असतं की नाही? असतं. पण ते कशाचं, कुणाचं, हे नीट पाहा. १९१३ साली बडोदा सरकारनं बाबासाहेबांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार होता. १९१७ साली ते तिथं गेले, तर राहायला जागा मिळेना, शिपाई लांबून कागद फेकत. ती दहा वर्षं काही पुरी झाली नाहीत. पण त्या विद्येची फेड कुठं झाली ते आपण सगळे जाणतो. तशी फेड कुणी करारावर लिहून घेऊ शकत नाही.

बहिणीची असिस्टंटशिप तर दानही नाही. वीस तास काम, त्याची मजुरी. त्या विद्यापीठाची ती मिंधी नाही. आपलीही नाही. तिच्यावर आईच्या एका प्रश्नाचं उत्तर बाकी आहे, आणि ते तिचं तिला माहीत आहे.

मग आपलं काम काय? आपल्यातला कुणी शिकायला निघाला की आपण आधी शपथ मागतो, मग सत्कार करतो, मग चार वर्षांनी त्याला गद्दार म्हणतो. यातलं काहीच त्याच्या तिकिटाला उपयोगी पडत नाही. जयंतीची वर्गणी यंदा वस्तीत निघेल तेव्हा मी उभा राहून सांगणार आहे, की निम्मी वर्गणी शिकायला निघालेल्या पोरापोरींच्या प्रवासाला काढा. तात्या भांडतील. भांडू देत. कोणाच्या डोक्यावर किती, हे सगळ्यांसमोर मोजू.

जयभीम.