सध्या कोणती रेकॉर्ड?

जॅझचे श्रोते एकत्र आले की सध्या कोणती रेकॉर्ड चालू आहे, हा प्रश्न आधी निघतो. उत्तरात वादकाचे नाव येते, अल्बमचे नाव येते, फार तर साल येते. ऐकून काय वाटले हे क्वचितच येते. बाहेरच्या माणसाला हे संभाषण खटकते आणि त्याचे खटकणे रास्त आहे. गोष्ट संगीताची चालली आहे आणि संगीताविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. ऐकण्यासाठी वेळ काढून बसावे लागते; काय ऐकतो हे सांगायला पाठांतर पुरते. हा भेद धरूनच या सवयीकडे पाहायला हवे.

तिच्यावर सर्वांत कठोर प्रहार केला तो जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो याने. 1930 च्या दशकापासून तो जॅझविरुद्ध लिहीत होता. 1962 मध्ये संगीताच्या समाजशास्त्रावरील पुस्तकात त्याने श्रोत्यांचे प्रकार पाडले. त्यात जॅझचा जाणकार आणि जॅझचा चाहता यांना त्याने एकाच गटात टाकले आणि वर्तमानावर रुसलेल्या श्रोत्याच्या शेजारी नेऊन बसवले. हा श्रोता स्वतःला बंडखोर समजतो, पण फिरतो बाजाराने आखलेल्या चाकोरीत, असे अडोर्नोचे म्हणणे. त्यातला एक भाग मान्य करावाच लागतो: शंभर नावे तोंडपाठ असली म्हणून कान तयार होत नाही. पण जॅझमध्ये सगळे एकाच साच्यातून निघते, हे त्याचे गृहीतक होते. ते एकदा धरले की कोणती रेकॉर्ड, कोणत्या सालची, हे विचारण्यातच अर्थ उरत नाही. अडोर्नोची चूक नेमकी इथे आहे.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ घ्यावे. ब्रॉडवेच्या एका संगीत नाटकातले हे साधे गाणे. 1960 मध्ये कोल्ट्रेनने ते सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवले. ते मुद्रण चौदा मिनिटांच्या आत संपते आणि मॅककॉय टायनरचा पियानो त्याला एका लयीत झुलवत ठेवतो. 1966 च्या जुलैत टोकियोला त्याने तेच गाणे जवळजवळ तासभर वाजवले. तिथे मूळ चाल ओळखू यायलाही बराच वेळ थांबावे लागते. ख्यालाच्या रसिकाला हे नवे नाही. गायक आणि राग कळले तरी मैफल कोणती, हे तो विचारतोच. जॅझमध्ये अल्बमचे नाव त्या मैफलीचे काम करते. कोल्ट्रेनचे ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ऐकतो, एवढे सांगणाऱ्याने अजून काहीच सांगितलेले नसते.

या नेमकेपणाची सवय लावण्याचे श्रेय बरेचसे एका फ्रेंच माणसाकडे जाते. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे आणि लेबलवर बहुधा बँडच्या म्होरक्याचेच नाव असे. बाकीचे वादक अनामिक. रोबेर आणि सोनिया दलोने या चित्रकार दांपत्याचा मुलगा शार्ल दलोने याने 1936 मध्ये पॅरिसमध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली. कोणते मुद्रण कधी झाले, त्यात कोण काय वाजवत होते, तबकडीवर कोरलेला क्रमांक कोणता, याची ती नोंद होती. मागच्या रांगेतल्या वादकांना त्यांची नावे परत देण्याचे हे काम होते आणि ते हौशी श्रोत्यांनी केले. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी ही जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली आणि जॅझच्या एलपीच्या कव्हरमागे ही नावे छापण्याचा प्रघात पडला.

त्या नावांचा धागा धरून कुठवर जाता येते हे पाहण्यासारखे आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधले पहिले गाणे ‘सो व्हॉट’. त्याची चाल ट्रम्पेट मांडत नाही, पॉल चेंबर्सचा बास मांडतो; बाकीची वाद्ये दोन कॉर्डचे उत्तर देतात. हा बास कानात बसला की श्रोता त्याच्या मागे निघतो. तोच माणूस कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’मध्ये आहे, ‘जायंट स्टेप्स’मध्ये आहे, ऑलिव्हर नेल्सनच्या ‘द ब्लूज अँड द अ‍ॅबस्ट्रॅक्ट ट्रूथ’मध्ये आहे. सनी क्लार्कच्या 1958 च्या ‘कूल स्ट्रटिन’मध्येही तोच भेटतो.

‘कूल स्ट्रटिन’ला अमेरिकेपेक्षा जास्त प्रेम जपानने दिले. युद्धानंतर तिथे परदेशी एलपी सामान्य माणसाला परवडत नसे. एका कॉफीच्या किमतीत उत्तम ध्वनियंत्रणेवर जॅझ ऐकवणारी ‘जॅझ किस्सा’ ही कॉफीगृहे त्यामुळे फोफावली. योकोहामाचे ‘चिगुसा’ तर 1933 पासूनचे; पियानोवादक तोशिको आकियोशी तिथल्या तबकड्या ऐकून शिकली. अशा अनेक ठिकाणी बोलण्यास मनाई असे. चालू असलेल्या एलपीचे कव्हर सर्वांना दिसेल असे उभे करून ठेवत. सध्या कोणती रेकॉर्ड, या प्रश्नाचे उत्तर एक शब्दही न बोलता मिळे आणि ते देताना ऐकणे थांबत नसे.

ऐकणे आणि सांगणे यांतला सुरुवातीचा भेद इथे डळमळू लागतो. नाव कळले की कान आळसावतो, असा त्यामागचा समज असतो. समीक्षक लिओनार्ड फेदर याने 1946 मध्ये याच समजातून एक चाचणी सुरू केली. एखाद्या वादकाला नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवायची आणि मत विचारायचे. पुढे ‘डाउन बीट’ मासिकाने हे सदर कित्येक दशके चालवले. नावाचा दबाव काढून घ्यावा हा हेतू. पण ऐकणारे वादक मत देता देता नावेही ओळखू लागत: हा सूर लावणारा अमुकच असणार, हा ड्रमचा हात तमक्याचाच. चेंबर्स गजाने बास वाजवत एकल सुरू करतो तेव्हा तो ओळखायला कव्हर लागत नाही. म्हणजे जॅझमध्ये नाव ऐकण्याच्या आधी येते तसे ऐकण्याच्या शेवटीही येते, आणि शेवटी आलेल्या नावात सगळे ऐकणे साठलेले असते. त्यामुळे अल्बमचे नाव सांगणाऱ्या श्रोत्याला पोकळ ठरवता येत नाही. त्याच्याकडे आणखी तपशील मागणे योग्य ठरते: बास कोणाचा, बाजू कोणती, प्रत कोणती. आता बहुतेक लोक फोनवर ऐकतात, तिथे साथीच्या वादकांची नावे सहज समोर येत नाहीत, म्हणून हे तोंडाने सांगणे अधिकच गरजेचे झाले आहे.

प्रत विचारण्यात नुसता संग्राहकाचा सोस नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चे मुद्रण 1959 मध्ये 2 मार्च आणि 22 एप्रिल या दोन दिवशी झाले. मार्चमध्ये टेप यंत्र थोडे संथ चालत होते. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना एलपीवर किंचित जलद आणि चढ्या सुरात उमटल्या. ही चूक 1990 च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत सुधारली गेली. जुनी प्रत लावून ‘सो व्हॉट’बरोबर पियानो वाजवायला बसले तर सूर जुळत नाही, नव्या प्रतीबरोबर जुळतो, एप्रिलमधली दुसरी बाजू मात्र दोन्हींवर मूळ सुरातच वाजते.